शाळा किती वेळात रिकामी होते?

शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर शेवटचा मुलगा मैदानावर येईपर्यंत किती वेळ जातो, हे तुम्ही कधी घड्याळ लावून पाहिले आहे काय? रोजचीच गोष्ट, तिच्यात मोजण्यासारखे काही असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम या गावी एका शाळेला आग लागली. दुपारचे जेवण जेथे शिजत होते, त्या स्वयंपाकघराचे छप्पर पेटले आणि तेथून आग वरच्या मजल्यावरील वर्गांच्या झावळ्यांच्या छपरावर गेली. वर्गांत प्राथमिक शाळेची लहान मुले दाटीवाटीने बसलेली होती. जिना अरुंद होता. जळते छप्पर वरून कोसळले आणि ९४ मुले दगावली.

लाकडाचा ओंडका काडेपेटीच्या एका काडीने पेटत नाही, पण वाळलेली झावळी भडकन पेटते. दोन्ही पदार्थ मूलतः सारखेच. फरक आहे तो पृष्ठभागाचा. झावळीची पाती पातळ असतात. त्यांना सर्व बाजूंनी हवा मिळते आणि ती लगेच तापतात. चूल पेटवताना आई आधी चिपाडे का घालते, त्याचे कारणही हेच. अशा छपराखाली बसलेल्यांच्या हातात फार थोडा वेळ असतो.

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या एका अर्जावर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शाळांत अग्निशामक उपकरणे असावीत आणि ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना द्यावे, असे आदेश त्यात आहेत. उपकरणे हवीतच. पण भिंतीवर लाल नळकांडे टांगले म्हणजे शाळा सुरक्षित झाली, असे मानण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला घातक वाटते. ते नळकांडे आग लहान असेपर्यंतच उपयोगी पडते आणि काही सेकंदांत रिकामे होते. त्यानंतर उरतो तो बाहेर पडण्याचा प्रश्न, आणि तो बराचसा गणिताचा आहे.

गर्दी शिस्तीने उतरत असली, तर जिन्याच्या एक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस जातो. समजा, वरच्या मजल्यांवर आठ वर्ग आहेत, प्रत्येकात ६० मुले आहेत आणि जिना दीड मीटर रुंदीचा आहे. म्हणजे ४८० मुले, सेकंदाला दीड या गतीने. भागाकार केला तर ३२० सेकंद, सुमारे साडेपाच मिनिटे येतात. जिना एक मीटरचाच असेल, तर आठ मिनिटे! हे गणित ढोबळ आहे, पण त्यावरून एक गोष्ट कळते. जिन्याखाली मोडकी बाके रचून अर्धी वाट अडवली, तर वेळ दुप्पट होतो. तेथे धावून काही उपयोग नाही.

उलट धावण्याने वेळ वाढतो. पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यात बी कसे सोडतात, ते पाहा. मूठ हळूहळू सैल करीत सोडले तर ते नळ्यांतून नीट खाली जाते; एकदम ओंजळभर ओतले की तोंडाशीच तुंबते. दाणे एकमेकांना रेटून कमान धरतात. दारापाशी माणसांचीही अशीच कमान होते आणि मागून जितके जास्त रेटावे तितकी ती घट्ट बसते. दार आत उघडणारे असेल, तर पुढच्यांना ते स्वतःकडे ओढायला जागाच राहत नाही. गर्दीच्या खोल्यांची दारे बाहेर उघडणारी असावीत, हा नियम त्यासाठीच आहे.

अलेक्झांडर मिन्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुम्हालाही करता येईल. त्याने अरुंद गळ्याच्या बाटलीत दोऱ्या बांधलेले धातूचे शंकू ठेवले. एका वेळी एकच शंकू बाहेर येऊ शकत होता. प्रत्येक दोरी वेगळ्या माणसाच्या हातात होती. सर्वांनी मिळून काम करायचे ठरल्यावर शंकू सुरळीत बाहेर आले. पण जो लवकर काढील त्याला बक्षीस आणि जो मागे राहील त्याला दंड, असे सांगताच गळ्याशी वारंवार कोंडी होऊ लागली. तेथे आग नव्हती, कोणी घाबरलेले नव्हते. ‘मी मागे राहीन’ एवढा विचारच कोंडीला पुरेसा झाला. तुम्ही प्लॅस्टिकची मोठी बरणी, झाकणाला एक भोक आणि पुठ्ठ्याचे शंकू घेऊन दोन्ही प्रकार करून पाहा.

आता धुराविषयी. आगीत पुष्कळ माणसे ज्वाळा पोहोचण्याआधीच धुराने बेशुद्ध होतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. ओला रुमाल नाकाला लावला तर काजळी थोडी अडेल, हा वायू अडणार नाही. तापलेला धूर मात्र आधी छताशी साचतो. म्हणून धूर भरलेल्या खोलीतून वाकून किंवा रांगत जावे. जिना हे इमारतीचे धुराडेच असते. वर्गातून शेवटी निघणाऱ्याने दार ओढून घेतले, तर धूर जिन्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कुलूप मात्र लावू नये.

भूकंपाच्या वेळी काय करायचे? कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, हे दोन्ही भूकंप पहाटे झाले. तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. भर शाळेत धक्का बसला तर आगीचा नियम लागू पडत नाही. जोराचे हादरे बहुधा एका मिनिटाच्या आत थांबतात, आणि आपल्या गणिताप्रमाणे जिना उतरायला लागतात ३२० सेकंद. म्हणजे पळणारी मुले नेमकी जिन्यावर किंवा कौले पडतात त्या वळचणीखाली सापडतील. म्हणून आधी बाकाखाली शिरून डोके झाकावे, बाकाचा पाय धरून ठेवावा आणि हादरे थांबल्यावर रांगेने बाहेर यावे. या दोन प्रसंगांची घंटा वेगळी असली पाहिजे, आणि वीज गेली तरी वाजेल अशी पितळी घंटा दोन्हींसाठी बरी.

शिक्षकांच्या परवानगीने आपल्या शाळेचे मोजमाप करा. जिन्यांची व दारांची रुंदी, प्रत्येक जिन्याने उतरणाऱ्या मुलांची संख्या आणि गणिताने येणारा वेळ वहीत मांडा. मग सराव घेऊन खरा वेळ मोजा. पुढच्या खेपेला एक जिना ‘धुराने भरला’ असे समजून बंद ठेवा. मागच्या बाजूच्या जाळीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते आणि ते रजेवर असले तर कोणाकडे, हेही विचारा.

घड्याळ थांबवायचे ते शेवटचा मुलगा मैदानावर आला की नव्हे. वर्गशिक्षकांनी हजेरीपट बरोबर आणलेला असावा. त्यातले प्रत्येक नाव पुकारून झाले आणि कोण आत राहिले आहे, हे मुख्याध्यापकांना सांगता आले, की तो खरा वेळ.