मुळं पाहून गुलाब घ्या

प्रश्न : आम्ही गोडादऱ्यात रो-हाऊसमध्ये राहतो. दारापुढे थोडी जागा आहे, वर गच्ची आहे. दिल्लीचे नातेवाईक हायब्रीड टी गुलाबाची चार रोपं आणतो म्हणतात, पण ती मातीशिवाय, नुसत्या मुळांची. अशी रोपं जगतात का? लावायची कशी?
– एक वाचक भगिनी, गोडादरा, सुरत

उत्तर : जगतात, आणि चांगली फुलतात. फक्त पाहुणे कधी येणार ते आधी विचारा. डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येत असतील तर जरूर मागवा. होळीच्या सुमारास येणार असतील तर त्यांना मिठाई आणायला सांगा.

कारण असं, की थंड मुलखात गुलाब हिवाळ्यात पानं टाकून झोपी जातो. खोडात आणि मुळांत अन्न साठलेलं असतं, म्हणून माती झटकून त्याला प्रवासाला धाडता येतं. पण हायब्रीड टीच्या अंगात चीनकडच्या टी गुलाबाचं रक्त आहे. फ्रान्समधल्या गियो यांचा १८६७चा 'ला फ्रान्स' हा या घराण्यातला पहिला मानतात. टी गुलाब उबदार हवेतला, त्याला झोप कमी. सुरतेची ऊब लागली की तुमचं रोप लगेच डोळे फोडेल. पाणी ओढणारी नवी मुळं मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी येतात. तेवढ्यात ऊन तापलं तर फुटवा सुकून जातो.

निवडताना लेबलावरचं फूल पाहू नका, मुळं पाहा. ती वाकवली तर लवली पाहिजेत. काडकन मोडणारी किंवा काळी पडून लिबलिबीत झालेली मुळं नकोत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निदान दोन-तीन फांद्या हव्यात. फांदीची साल नखानं किंचित खरवडा, आत ओला हिरवा रंग दिसला की रोप जिवंत आहे. मी एकदा अशी रोपं दोन दिवस खोक्यातच राहू दिली होती. उघडली तेव्हा मुळं झाडूच्या काड्यांसारखी झाली होती आणि त्यातलं एकही फुटलं नाही. म्हणून पाहुण्यांना मुळांभोवती ओलं बारदान आणि वर प्लॅस्टिक गुंडाळायला सांगा, आणि घरी येताच मुळं रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी मोडलेली मुळं सिकेटरनं छाटा.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून बसते आणि गुलाबाच्या मुळांना तेच मारक. दारापुढे लावायचं तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. गच्चीवर बारा-चौदा इंची कुंडी पुरते. माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समभाग घ्या. मधोमध मातीचा छोटा ढीग करून त्यावर मुळं छत्रीच्या काड्यांसारखी पसरा, मग माती भरून हातानं दाबा आणि भरपूर पाणी द्या.

डोळा भरलेली जागा, म्हणजे खोडावरची गाठ, मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. इंग्रजी पुस्तकांत ती पुरायला सांगतात, पण ते बर्फापासून वाचवण्यासाठी. आपल्याला त्याचं काम नाही. पहिले दोन आठवडे दुपारची सावली आणि फांद्यांवर पाण्याचा हलका फवारा द्या. नवी पानं नीट उघडेपर्यंत वरून आणखी खत अजिबात नको. पुढे मात्र रोज पाच-सहा तास ऊन हवंच. बोअरचं पाणी खारट असेल तर गुलाबाला नळाचंच पाणी द्या.

जातींचं म्हणाल तर 'ग्लॅडिएटर' घ्या. महाराष्ट्रात तो उघड्या शेतात पिकतो, उन्हाला बधत नाही. पांढरा हवा तर 'डॉ. होमी भाभा' शोधा. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी तो तयार केला. गव्हाच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या या माणसानं गुलाबांवरही तितकाच जीव लावला. काळपट लाल जाती मात्र टाळा, उन्हात त्यांच्या पाकळ्यांच्या कडा करपतात.

गाठीच्या खालून जोमदार फुटवा आला तर हरखू नका. तो खुंटाचा, म्हणजे रानटी गुलाबाचा असतो आणि वरच्या कलमाचा घास खातो. माती बाजूला करून तो मुळापासून ओढून काढा. आणि पहिली कळी धरली की जीव घट्ट करून तीही खुडा. रोपाला अजून मुळं धरायची आहेत.