दुकानातले दोन कॉम्प्युटर, एकच फोल्डर: फाइल शेअरिंग लावा आणि अडलं तर स्वतःच सोडवा



या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल तर हा लेख शेजारी उघडा ठेवून काम करा. पाहिला नसेल तरी चालेल, सगळ्या पायऱ्या इथे दिल्या आहेत. एका दुपारचं काम आहे, आणि नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. राउटर आणि दोन कॉम्प्युटर पुरेसे आहेत.

आधी हे काहून करायचं?

काउंटरवर एक कॉम्प्युटर, मागे घरात दुसरा. रेट-लिस्ट पेनड्राइव्हने इकडून तिकडे जाते. आठ दिवसांत 'रेट', 'रेट नवीन', 'रेट फायनल', 'रेट फायनल २' अशा चार फाइल तयार होतात. मंग काउंटरवरचा पोरगा जुना भाव लावतो आणि घरून बिल काढणारी ताई नवीन. गिऱ्हाईक दोन बिलं समोर ठेवून विचारतं, "खरं कोणतं?" उधारीच्या वहीचं असं झालं तर पैसे बुडतात आणि संबंधही बिघडतात.

आपल्या रिद्धपूरला हे वेगळं सांगायची गरज नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली. नंतरच्या मंडळींनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. अभ्यासकांना ते आजही ताडून पाहावे लागतात. आपल्या उधारीच्या फाइलचे पाठ ताडायला मात्र कोणी अभ्यासक येणार नाही. म्हणून आजचे तीन नियम लिहून घ्या:

१. मूळ फाइल एकाच ठिकाणी.
२. तिथे पोचणारी माणसं ठरलेली.
३. प्रत वेगळ्या जागी.

पायरी १: जोडणी

दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरला जोडा. इंटरनेट चालू असण्याची गरज नाही. फाइल राउटरमधूनच इकडून तिकडे जाते, बाहेर जात नाही. त्यामुळे नेट गेलं तरी काम थांबत नाही, पण राउटरची वीज गेली तर थांबतं. लाइन जाते-येते तिथे राउटरला छोटा यूपीएस लावा.

मूळ फाइल जिथे ठेवायची तो कॉम्प्युटर शक्यतो वायरने जोडा. एक वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे पुढच्या दुकानातून मागच्या घरापर्यंत आरामात. टिनाच्या शेडमधून वायफाय अडखळतं, आणि फाइल सेव्ह होताना जोडणी तुटली तर फाइल खराब होऊ शकते.

पायरी २: मुख्य कॉम्प्युटरची तयारी

इथल्या पायऱ्या विंडोज ११ च्या आहेत. विंडोज १० मध्ये नावं थोडी वेगळी दिसतात, काम तेच. मात्र विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे मूळ फाइल त्या कॉम्प्युटरवर ठेवू नका.

* कॉम्प्युटरला ओळखता येईल असं छोटं नाव द्या: सेटिंग्ज, सिस्टिम, रिनेम. समजा 'दुकान-पीसी'. नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि रीस्टार्ट करा.
* सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट यात जाऊन चालू जोडणी उघडा आणि प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असेल तर विंडोज समजतं की तुम्ही बसस्टँडच्या वायफायवर आहात, आणि दारं लावून घेतं. हे दोन्ही कॉम्प्युटरवर करा.
* ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. 'प्रायव्हेट' खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू. 'ऑल नेटवर्क्स' खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग'ही चालूच राहू द्या.
* पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. मुख्य कॉम्प्युटर झोपला की फोल्डरही झोपतो.

पायरी ३: वेगळा युजर, वेगळा फोल्डर

बरेच लोक इथे घाई करतात. इंटरनेटवर सापडणारा सोपा उपाय असा असतो: पासवर्ड बंद करा आणि फोल्डर 'एव्हरीवन'ला देऊन टाका. लगेच चालतं, पण जरा विचार करा. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात त्याच फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, बँक पासबुक, मुलींचे फोटो पडलेले असतात. प्रिंट पाठवायला म्हणून वायफायचा पासवर्ड आपण दहा जणांना देतो. त्यातला कोणीही ते फोल्डर उघडू शकतो. लोकांनी कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेत. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. अशी माहिती सांभाळणं ही आपली जबाबदारी ठरते.

म्हणून असं करा:

* सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा साधा युजर बनवा. नाव 'काउंटर', आणि पासवर्ड नक्की द्या. पासवर्ड कोरा ठेवलेल्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत येऊच देत नाही.
* डी ड्राइव्हवर 'दुकान' नावाचा नवा फोल्डर. त्यात दोन पोटफोल्डर: 'रेट-बिल' आणि 'उधारी'. अख्खा ड्राइव्ह कधीच शेअर करू नका.
* 'रेट-बिल'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, 'शेअर' बटन. 'काउंटर' युजर निवडा. फक्त पाहायचं असेल तर 'रीड', बदलायचंही असेल तर 'रीड/राइट'.
* 'उधारी' फक्त मालकाने आणि हिशोब पाहणाऱ्याने उघडायची असेल तर त्यासाठी दुसरा युजर बनवा.
* गिऱ्हाइकांच्या कागदांचा फोल्डर शेअर करूच नका. काम झालं की ते कागद डिलीट करा, आणि रिसायकल बिनही रिकामं करा.
* गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंच असेल तर राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' चालू करून ते द्या. बहुतेक राउटरमध्ये गेस्टवरच्या मोबाइलला आपले कॉम्प्युटर दिसत नाहीत.

पायरी ४: दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडणं

फाइल एक्सप्लोरर उघडा, 'धिस पीसी', 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'. अक्षर झेड घ्या. फोल्डरच्या जागी \\दुकान-पीसी\रेट-बिल असा पत्ता, पण मुख्य कॉम्प्युटरवर जसा लिहिला तसाच. 'रिकनेक्ट ॲट साइन-इन' आणि 'कनेक्ट युझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स' या दोन्हींवर टिक करा. युजरनेम विचारलं की आधी कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग युजर: दुकान-पीसी\काउंटर. आता झेड ड्राइव्ह नेहमीच्या ड्राइव्हसारखा दिसेल.

अडलं तर: खालून वर चढा

शेअरिंग चाललं नाही की लोक सगळ्या सेटिंग एकदम बदलतात. मंग काय बिघडलं होतं आणि काय सुधारलं, काहीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासा, याच क्रमाने.

१. दोघं एकाच घरात आहेत का? दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा आणि आयपीव्ही४ चा पत्ता पाहा. एकीकडे १९२.१६८.१.१० आणि दुसरीकडे १९२.१६८.१.१५ असेल तर ठीक. पहिले तीन आकडे जुळले नाहीत तर बहुधा एक कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, गेस्ट वायफायवर किंवा घरात लावलेल्या दुसऱ्या राउटरमागे आहे. आधी ते सोडवा.

२. आकड्याने उघडतं का? दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज बटन आणि आर दाबून \\१९२.१६८.१.१० टाका (टाइप करताना आकडे इंग्रजी). आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर शेअरिंग बरोबर आहे, फक्त नाव सापडत नाही. मुख्य कॉम्प्युटरवर 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' चालू करून ती 'ऑटोमॅटिक' करा. किंवा सरळ आकड्यानेच ड्राइव्ह मॅप करा. मात्र राउटर तो आकडा बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून ठेवा.

३. 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड', म्हणजे ०एक्स८००७००३५ ही चूक येते का? मुख्य कॉम्प्युटर झोपलेला आहे, प्रोफाइल 'पब्लिक'वर गेलं आहे किंवा अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल अडवते आहे. अपडेटनंतर किंवा राउटर बदलल्यावर प्रोफाइल पुन्हा तपासत जा.

४. पासवर्ड विचारतो, पण घेत नाही? ही चांगली खूण आहे. जोडणी ठीक आहे, राउटरला हात लावू नका. चार अंकी पिन नेटवर्कवर चालत नाही, खरा पासवर्ड लागतो. जुना चुकीचा पासवर्ड जपून ठेवलेला असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून तो काढा आणि रीस्टार्ट करून पुन्हा जोडा.

५. आत गेलो, पण 'ॲक्सेस डिनाइड'? युजर बरोबर, परवानगी कमी. विंडोजमध्ये दोन कुलपं असतात: एक 'शेअरिंग'चं, एक 'सिक्युरिटी' टॅबचं. दोन्हींत जे जास्त कडक असेल ते लागू होतं. वर सांगितलेल्या 'शेअर' बटनाने दोन्ही एकदम लागतात. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'ने केलं असेल तर 'सिक्युरिटी' टॅबमध्येही युजर घाला.

६. एक्सेल 'रीड ओन्ली' म्हणतं? हा बिघाड नाही. तीच फाइल दुसरीकडे उघडी आहे. आधी तिथे बंद करा. 'सेव्ह ॲज' करून नवीन नाव दिलं की 'फायनल २'चा खेळ पुन्हा सुरू! टॅली वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सिल्व्हर लायसन्स एका वेळी एकाच वापरासाठी असतं. दोन्हीकडे एकदम काम करायचं तर गोल्ड लागतं.

हे दोन उपाय करू नका

जुना स्कॅनर किंवा जुना कॉम्प्युटर जोडताना कोणीतरी सांगतं, "एसएमबी १ चालू कर." नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या. दुसरं, घरून दुकानातल्या फाइल पाहता याव्यात म्हणून राउटरवर ४४५ हा पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडू नका. ते म्हणजे गल्ल्याची किल्ली चौकात टांगणं.

शेअरिंग म्हणजे बॅकअप नाही

हे ठळक लिहून घ्या. झेड ड्राइव्हवरून कोणी फाइल डिलीट केली तर ती मुळातूनच जाते, आणि रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. काउंटरच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आला तर तो झेड ड्राइव्हवरच्या फाइलही कुलूपबंद करू शकतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. बाहेरची हार्डडिस्क लावा, 'दुकान' फोल्डर त्या तारखेच्या नावाने कॉपी करा, दोन फाइल उघडून पाहा, डिस्क काढा आणि घरी कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत सापडते.

आजचा गृहपाठ

१. दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर 'फायनल' शब्द शोधा. जितक्या फाइल निघतील तितक्या ताडून एकच मूळ ठरवा.
२. कोण काय पाहील आणि कोण काय बदलेल, हे कागदावर लिहा. सेटिंग त्यानंतरच करा.
३. सगळं लागल्यावर काउंटरच्या कॉम्प्युटरवरून 'उधारी' उघडून पाहा. उघडली नाही तर तुमचं काम बरोबर झालं.

अडलात तर आधी वरच्या सहापैकी कितव्या पायरीवर थांबलात ते पाहा आणि व्हिडिओखाली तो नंबर लिहा. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर मलाही उत्तर देता येत नाही, भाऊ. पुढच्या भागात याच नेटवर्कवर एक प्रिंटर सगळ्यांत वाटून कसा वापरायचा ते पाहू.