दुकानावरची मराठी : पहिली दोन मिनिटे

आपल्या बहुतेक बाजारपेठांत आता दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या आहेत. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली. मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी बदलायला रंगारी पुरतो. पण पाटी वाचून गिऱ्हाईक पायरी चढले, की त्याच्याशी बोलणार कोण?

बहुधा बोलतो तो गल्ल्यावरचा मुलगा किंवा मशीनवरचा कारागीर. कोकणातल्या आपल्या बांधवांना हा धडा नको. त्यांची बोली मराठीला लागूनच आहे. पण भिवंडी-मालेगावात घरची भाषा उर्दू, पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांत दखनी, आणि कारखान्यात उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली मुले. हा लेख मालकाने वाचावा आणि आपल्या माणसांकडून घोकून घ्यावा, अशा हेतूने लिहिला आहे.

१. पहिला शब्द : 'या'

'नमस्कार' हा शब्द सर्वत्र चालतो. खेड्याकडचा माणूस 'रामराम' म्हणेल, कोणी 'जय भीम' म्हणेल, ओळखीचा गिऱ्हाईक आपण होऊन 'सलाम' करील. ज्याने जसे म्हटले, त्याला हसतमुखाने उत्तर द्यावे. 'नमस्कार' म्हटले तरी कोणाला वावगे वाटत नाही. पण मराठी दुकानातले खरे अभिवादन एकाच अक्षराचे आहे, 'या'.

"या ताई, बसा. काय दाखवू?"

एवढ्या एका ओळीत स्वागत, मान आणि धंदा तिन्ही आले. 'क्या चाहिए'चे शब्दशः 'काय पाहिजे?' होते. ते चुकीचे नाही, पण कानाला कोरडे लागते. 'काय दाखवू?' म्हटले की विकणारा सेवेला उभा आहे असे वाटते. भाजी, फळे किंवा किराणा असेल तर 'काय देऊ?' म्हणावे.

२. 'तू' कुठून शिकला?

नव्या कारागिराच्या तोंडी 'ये, बस, घे' असे शब्द येतात आणि साठ वर्षांच्या आजीबाई कपाळाला आठ्या घालून निघून जातात. मुलगा उर्मट नसतो. तो मराठी शिकला ती त्याला केलेल्या हुकुमांतून. "इकडे ये", "कात्री दे", "चहा घे" असे दिवसभर त्याच्या कानावर पडते आणि तेच तो गिऱ्हाइकाला परत करतो. म्हणून दुरुस्ती मालकापासून सुरू व्हावी. मालकाने कारागिराला 'तुम्ही' म्हटले, निदान गिऱ्हाइकासमोर तरी म्हटले, तर निम्मा धडा आपोआप होतो.

ये चे या, बस चे बसा, घे चे घ्या, दे चे द्या, बघ चे बघा, सांग चे सांगा, थांब चे थांबा. एवढी सात रूपे पाठ झाली की दिवस निभावतो.

हिंदी-उर्दूत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत. मराठीत रोजच्या पायऱ्या दोनच, तू आणि तुम्ही. 'तुम्ही' हे 'तुम'सारखे दिसते म्हणून कित्येकांना ते कमी मानाचे वाटते आणि ते सगळीकडे 'आपण' वापरतात. तशी गरज नाही. 'तुम्ही' म्हणजेच मान. 'आपण' हे पत्रात, सभेत किंवा फोनवर अनोळखी माणसाला "आपण कोण बोलताय?" असे विचारताना शोभते.

'आपण'चे रोजचे काम निराळेच आहे. "आम्ही चहा घेतो" म्हटले तर समोरचा वगळला गेला. "आपण चहा घेऊ" म्हटले तर तोही आला. हिंदीत दोन्हींना 'हम'च असल्याने येथे गडबड होते. सौदा ठरवताना "आपण बघू ना, जमवू" असे म्हटले की गिऱ्हाईक आपल्या बाजूला येऊन बसते.

आणखी एक. मराठी माणूस आईला 'तू' म्हणतो, हे ऐकून कोणी फसू नये. परक्या बाईला तो तसे कधीच म्हणत नाही. म्हातारा शेतकरी आपल्याला लाडाने 'तू' म्हणाला तरी आपण उत्तर 'तुम्ही'नेच द्यावे.

३. हाक कशी मारावी

'ए', 'अरे', 'अगं' गिऱ्हाइकासाठी नाहीत, 'अहो' म्हणावे. पुढे नाते जोडावे. तरुण किंवा मध्यमवयीन स्त्रीला ताई, वयस्क स्त्रीला मावशी किंवा काकू, फार वृद्ध असतील तर आजी. पुरुषाला दादा, भाऊ, काका, आजोबा. शंका आली तर 'ताई' आणि 'दादा' हे शब्द सुरक्षित. शाळेत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात तो मान असतो, पण बाजारात "ओ बाई" म्हणणे हा अपमान ठरतो.

४. आपली ओळख

"माझं नाव सलीम" म्हटले की पुरे. 'आहे' लावले नाही तरी चालते. पुढे काम सांगावे. पुरुषाने "मी शिवणकाम करतो" म्हणावे, स्त्रीने "मी शिवणकाम करते". घरी जरीकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनी हा 'ते' विसरू नये.

नावानंतर हमखास येतो तो प्रश्न, "आडनाव काय?" ही चौकशी संशयाने केलेली नसते, मराठी रीतच तशी आहे. आपल्याकडे तर कित्येक आडनावे म्हणजे धंद्याची पाटीच. अत्तार सुगंधाचा, तांबोळी विड्याच्या पानांचा, बागवान फळांचा, मणियार बांगड्यांचा, पिंजारी कापूस पिंजणारा, शिकलगार धार लावणारा. ज्याच्याकडे असे नाव आहे त्याने ते अभिमानाने सांगावे. ओळख आणि जाहिरात एकाच शब्दात होते.

घरी जाऊन काम करणाऱ्याने दारात असे म्हणावे :

"नमस्कार काका. मी सलीम पिंजारी. गाद्या भरायचं काम करतो. तुम्ही काल दुकानावर आला होतात."

फोनवर : "हॅलो, मी भिवंडीहून सलीम बोलतोय. शेठ आहेत का?"

"तुम्ही कुठले?" याचा अर्थ गाव कोणते. "मी मालेगावचा" म्हणजे मूळचा तिथला, "मालेगावहून आलो" म्हणजे आज तिथून आलो. बाहेरच्या मुलाने संकोच न करता सरळ सांगावे : "गाव आझमगड, पण पाच वर्षं झाली, इथंच आहे."

५. शब्द ओळखीचा, अर्थ निराळा

दुकान, बाजार, माल, किंमत, हिशेब, नफा, बाकी, जमा, खर्च, वसूल, हप्ता हे सारे फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठी माणूस रोज वापरतो. म्हणजे धंद्याची बरीच मराठी आपल्याला आधीच येते. मात्र काही ओळखीचे शब्द फसवतात. 'खाली' म्हणजे मराठीत रिकामे नव्हे, तर वरच्या उलट. "दुकान खाली आहे" म्हटले तर गिऱ्हाईक जिना उतरेल. 'शिक्षा' म्हणजे दंड, 'राग' म्हणजे गुस्सा, 'चेष्टा' म्हणजे थट्टा.

सर्वांत महाग पडतो तो 'कल'. हिंदीत गेलेला आणि येणारा दिवस दोन्ही 'कल'. मराठीत गेलेला तो 'काल' आणि येणारा तो 'उद्या'. शिंप्याने "काल देतो" म्हटले तर हसे होते. "उद्या संध्याकाळी देतो" म्हणावे. आणि म्हटल्याप्रमाणे द्यावे, कारण वायद्याला भाषा नसते.

उच्चारात 'ळ' जपावा. 'माल' दुकानात भरतात, 'माळ' गळ्यात घालतात. 'वेळ' म्हणजे समय, 'वेल' मांडवावर चढते.

६. निरोप

मराठी माणूस निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. नवा मुलगा हे ऐकून गिऱ्हाईक परत येणार म्हणून वाट बघत बसतो! त्यावर "या, या. पुन्हा या" असे म्हणावे. असेच शुभ बोलणे बांगड्यांच्या दुकानातही लागते. बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मणियार बांधवांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नव्या नोकराला तेवढे समजावून द्यावे.

सराव

खालील पाच वाक्ये कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवावीत. सकाळी दुकान उघडल्यावर एकाने गिऱ्हाईक व्हावे, दुसऱ्याने दुकानदार. आठ दिवसांत जीभ वळते.

१) या ताई, बसा. काय दाखवू?
२) माझं नाव सलीम. मी शिवणकाम करतो.
३) तुम्ही कुठले, काका?
४) उद्या संध्याकाळी नक्की देतो.
५) या, पुन्हा या.

व्याकरण चुकले तर गिऱ्हाईक हसून दुरुस्त करते आणि त्या हसण्यातून ओळख वाढते. 'तू' मात्र ते दुरुस्त करीत नाही. मुकाट्याने पुढच्या दुकानात जाते. म्हणून बाकी सारे सावकाश शिकावे, 'या' आणि 'तुम्ही' मात्र आजच.