दगडावर दगड आपटून आग पेटते का?

एक चित्र तुम्ही सर्वांनीच पाहिले असेल. गुहेच्या तोंडाशी आदिमानव बसला आहे, त्याच्या दोन्ही हातांत दोन दगड आहेत, आणि खालच्या पाचोळ्यातून ज्वाळा उठत आहेत. चित्र पाहून वाटते, आग पेटवणे किती सोपे! ते खरोखर सोपे आहे का, हे पाहण्याची वेळ आमच्यावर एकदा आली.

काही वर्षांपूर्वी श्रावणात आठवीच्या मुलांबरोबर मी सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर गेलो होतो. दुपारी पावसाने गाठले. वारा असा, की भिजलेली मुले थडथड उडू लागली. आम्ही एका पडक्या देवडीत शिरलो. पिशवीतली काडेपेटी काढली, तर तिचा लगदा झालेला. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, आदिमानवासारखे दगड आपटू या की!"

कोपऱ्यात थोडा सुका पाचोळा होता. मुलांनी आधी काळे दगड आपटले, मग पांढऱ्या गारगोट्या आणल्या. देवडीच्या अंधारात गारगोट्यांतून फिकट उजेड चमकला, जळका वासही आला. मुले ओरडली, "ठिणगी! ठिणगी!" पण अर्धा तास झाला तरी पाचोळ्याचे एक पानही काळे पडले नाही.

असे का झाले?

थंड उजेड आणि तापलेली ठिणगी

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे स्फटिक. एकावर एक घासताना किंवा फुटताना त्यातून क्षणभर प्रकाश बाहेर पडतो. पण तो उजेड म्हणजे जळणारी ठिणगी नव्हे. क्वार्ट्झमधील सिलिकॉनचा ऑक्सिजनशी संयोग आधीच झालेला असतो. म्हणजे ते एका अर्थाने 'जळून झालेले' द्रव्य आहे. राख पुन्हा पेटत नाही, तसाच हा प्रकार.

ठिणगी हवी असेल तर जळू शकेल असे काहीतरी पाहिजे. ते म्हणजे लोखंड.

लोखंड जळते? हो, जळते! खिळा जळत नाही, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने हवेला भिडणारा पृष्ठभाग फार थोडा असतो. हा हिशेब करून पाहा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे घन केले तर ते १,००० होतात आणि एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. ०.१ मिलिमीटर बाजूचे केले तर १० लाख घन आणि ६०० चौरस सेंटिमीटर! लोखंड तेवढेच, पण प्राणवायूशी संयोग होण्याची जागा शंभर पट.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली चकमक याच तत्त्वावर चालते. तिच्यात दोन दगड नसतात. एका हातात दगडाची धारदार कपची आणि दुसऱ्या हातात पोलादाचा तुकडा असतो. दगड पोलादाहून कठीण असल्यामुळे आघात होताच पोलादाचे बारीक कण खरवडले जातात. खरवडण्यानेच ते तापतात, हवेत येताच पेटतात आणि लाल ठिणग्या होऊन उडतात. दगडाचे काम फक्त खरवडण्याचे, जळते ते पोलाद. मऊ लोखंडी खिळ्यापेक्षा जुन्या कानशीचे कडक पोलाद चांगल्या ठिणग्या देते. दगडही धार धरणारा हवा. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारी गारगोटी आणि अकीक यासाठी उत्तम.

मग पोलाद नव्हते तेव्हा काय? तेव्हा लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, कामाला येई. हे लोखंड व गंधक यांचे खनिज. त्यावर गार आपटली तर ठिणगी पडते. म्हणजे चित्रातला आदिमानव अगदीच खोटा नाही. त्याच्या दोन दगडांपैकी एक लोहमाक्षिकाचा असला पाहिजे, एवढेच!

ठिणगी झेलणार कोण?

ठिणगी मिळाली तरी अर्धेच काम झाले. ती इतकी लहान असते की साध्या पाचोळ्यावर पडताच विझते. म्हणून चकमकीबरोबर सहज धुमसणारे काहीतरी बाळगावे लागते. सुती चिंधी झाकणाला बारीक भोक असलेल्या डब्यात तापवली की तिचा कोळसा होतो. हवा अपुरी असल्यामुळे ती जळून जात नाही. अशा कोळशावर ठिणगी पडली की लाल ठिपका पसरू लागतो. तो सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून हळूहळू फुंकर घालायची, म्हणजे ज्योत येते.

दुसरी रीत घर्षणाची. यज्ञासाठी अरणीमंथनाने अग्नी काढत, हे तुम्ही ऐकले असेल. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनातही अग्नी असाच काढला होता. खालच्या लाकडाच्या खळग्यात वरचे लाकूड दोरीने वेगाने फिरवायचे. घर्षणाने लाकडाचा बारीक काळा भुगा पडतो, तो तापत जातो आणि अखेर त्यातच निखारा तयार होतो. येथे लाकूड फार टणक नको आणि दमट तर मुळीच नको.

ओले लाकूड का पेटत नाही?

याचाही हिशेब मांडू. समजा, सरपणात १०० ग्रॅम पाणी मुरले आहे आणि त्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. १ ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवण्यास ७० कॅलरी आणि त्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. म्हणून,

१०० × (७० + ५४०) = ६१,००० कॅलरी.

काडेपेटीतल्या एका काडीचे लाकूड ०.१ ग्रॅम धरले, तर ती पूर्ण जळून सुमारे ४०० कॅलरी मिळतील. म्हणजे नुसते पाणी घालवायलाच दीडशे काड्या! तेही उष्णता मुळीच वाया गेली नाही तर. पाणी आहे तोवर लाकडाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही. पण लाकडातून पेटणारे वायू भराभर सुटायला सुमारे २५० ते ३०० अंश तरी लागतात.

म्हणून जाणता माणूस पावसात जमिनीवरचे सरपण उचलत नाही. तो झाडावरच वाळून अडकलेली फांदी शोधतो, ओली साल सोलतो, फांदी फोडून आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढतो. आधी काडीएवढ्या, मग बोटाएवढ्या आणि शेवटी मनगटाएवढ्या, अशा क्रमाने त्या लावतो. बारीक काटकीला पृष्ठभाग जास्त, म्हणून ती आधी पेटते. लोखंडाच्या कणांचाच नियम येथेही लागू पडतो.

धनगर आजोबांचा धडा

आमचे पुढे काय झाले? पाऊस ओसरताच आम्ही खालच्या धनगरवाड्यावर पोहोचलो. मुलांची हकीकत ऐकून तिथले आजोबा हसले. त्यांनी चुलीतली राख काठीने बाजूला केली. आत सकाळचे निखारे लालबुंद होते! त्यावर गोवरीचा तुकडा ठेवून त्यांनी फुंकर मारली आणि पाच मिनिटांत चूल पेटली.

"पोरांनो," ते म्हणाले, "इस्तू पेटवायला कष्ट. म्हणून तो इझू द्यायचा न्हाई."

केवढे शास्त्र होते त्या राखेत! राख उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे निखारा निवत नाही. तिच्यातून हवा थोडीच जाते, त्यामुळे तो भराभर जळूनही जात नाही. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ आग धरणारी अळिंबी होती आणि तिच्यावर लोहमाक्षिकाचे कण होते. शिवाय बर्चच्या सालीच्या डब्यात मेपलची पाने आणि कोळशाचे कण होते. म्हणजे पानांत निखारे गुंडाळून तो ते बरोबर नेत असावा. आग पेटवण्याची विद्या त्याला येत होती, तरीही तो निखारा जपत होता. आमच्या धनगर आजोबांसारखाच!

करून पाहा (शिक्षकांच्या देखरेखीखाली)

१. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना चष्मा लावून दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासा. उजेड कोठे दिसतो? त्यावर कापूस धरला तर तो पेटतो का?

२. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर दुरून चिमूटभर लोहकीस सोडा. मग त्याच ज्योतीत चिमट्याने खिळा धरा. फरक का पडला, ते वहीत लिहा.

३. सारख्या वजनाच्या दोन काटक्या घ्या. एक रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ती पुसून पुन्हा तोला. किती पाणी मुरले? ते घालवायला किती कॅलरी लागतील?

हे प्रयोग शाळेतच करा आणि जवळ पाण्याची बादली ठेवा. रानात हौसेने आग पेटवू नका. उन्हाळ्यात एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर वणव्यात जातो, आणि राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. ही विद्या अडचणीच्या वेळेसाठी आहे. आणि पावसाळ्यात किल्ल्यावर जाल तेव्हा काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला विसरू नका. आम्ही आता विसरत नाही!