दोन दिवसांत खाज बंद!

माझ्या धाकट्या जावेला कमरेला नायटा झाला. परकराची घट्ट नाडी, नीट न वाळलेले कपडे, स्वयंपाकघरातला घाम. कोकणातल्या पावसाळ्यात त्यात नवल काहीच नाही. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने तिचं अर्धं ऐकलं आणि ट्यूब काढून दिली. ‘ताई, दोन दिवसांत खाज बंद!’ खाज खरंच बंद झाली. फसगत होते ती इथेच. ट्यूब थांबवली की आठवड्याभरात चट्टा परत, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब. दिवाळीपर्यंत तो जांघेत उतरला आणि मलम लागत होतं तिथली कातडी पातळ होऊन बाळंतपणानंतर पडतात तसे व्रण उमटले. नायटा पुढे गेला, व्रण राहिले.

त्वचेच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. बाईंनी आधी ट्यूब मागितली आणि बारीक अक्षरांतली तीन नावं मला वाचायला लावली: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. शेवटचं तेवढं बुरशीवरचं. मधलं जिवाणूंवरचं, नायट्याला निरुपयोगी. पहिलं म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधलं अतिजहाल. ते लाली आणि खाज दाबतं, म्हणजे शरीराचा प्रतिकारच दाबतं. बुरशीला रान मोकळं. ‘पोलिसांना रजेवर पाठवून चोर पकडायला निघालात,’ बाई म्हणाल्या.

हे असं सहज विकलं कसं जातं, म्हणून मी नियम वाचले. आपल्याकडे औषधांची वर्गवारी 1940 चा कायदा आणि 1945 चे नियम यांनी ठरते. शेड्यूल एचमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. 2014 पासून लागू झालेल्या एच-वनमध्ये काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या काही गोळ्या येतात. त्यांच्या विक्रीत डॉक्टर आणि रुग्णाचं नाव रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. शेड्यूल एक्स त्याहून कडक: चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदाराकडे. दुसऱ्या टोकाला शेड्यूल के. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर असली घरगुती औषधं ठरावीक अटींवर परवान्याशिवायही विकता येतात.

मलमांना मात्र बरीच वर्षं पळवाट होती. शेड्यूल एचमधून वरून लावायच्या औषधांना सूट मिळत असे. त्वचारोगतज्ज्ञांनी आरडाओरडा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडं मलमांसकट एचमध्ये घातली. ब्रिटनमध्ये सौम्य हायड्रोकॉर्टिझोन मलम फार्मासिस्टच्या देखरेखीखाली चिठ्ठीविना मिळतं, क्लोबेटासोल नाही. तिथे ‘फक्त फार्मसीत’ असा मधला वर्गच आहे. आपल्या कायद्यात तसा वर्ग नाही. म्हणून काउंटरवर सगळंच एका रांगेत येतं, आणि गिऱ्हाईकही ‘चिठ्ठी कशाला?’ म्हणून भांडतं. दोष एकट्या दुकानदाराचा नाही, हे माझं स्पष्ट मत.

तेव्हा खोका हातात आला की आधी उलटून पाहा. ‘आरएक्स’ ही खूण किंवा शेड्यूल एचची चौकट दिसली, तर शेजारणीचा अनुभव ही चिठ्ठी नव्हे. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघही असते. मलमावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर नायट्यावर लावू नका. चेहरा, जांघ आणि लहान मुलांची त्वचा इथे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोटही लावू नका. पक्कं बिल मागा. घरात कुणी असली ट्यूब कित्येक महिने लावत असेल, तर एकदम बंद करायला लावू नका, त्रास उसळतो. ट्यूब पिशवीत टाका आणि त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.