अंगणातली कोंबडी आणि लेकराची हगवण

धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांत बऱ्याच घरी दोन-चार गावरान कोंबड्या असतात. घरची अंडी मिळतात, पाहुणा आला तर सोय होते, अडीनडीला बाजारात चार पैसे हाती येतात. तेव्हा कोंबड्या पाळू नका, असे मी मुळीच सांगणार नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली. तो विषाणूचा आजार होता आणि त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. मात्र साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू कोंबडीच्या आतड्यात बारा महिने राहू शकतात. त्यांचे कोणाला भय वाटत नाही.

गोम अशी, की हे जंतू पोटात असलेली कोंबडी बहुधा आजारी दिसत नाही. ती चरते, अंडी देते. जंतू विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि अंगण, ओसरी, अंड्याचे कवच, पिसे असे सगळीकडे लागतात. रांगते लेकरू त्याच अंगणात हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. थोडे मोठे मूल पिलू उचलून गालाला लावते. मग काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. कधी शौचातून रक्तही पडते. घरचे म्हणतात, "दात येताहेत." दातांमुळे अशी हगवण लागत नाही.

साल्मोनेला म्हटले की काहींना टायफॉईड आठवतो. टायफॉईडचा जंतू त्याच कुळातला खरा, पण तो माणसाकडूनच माणसाकडे येतो. त्यात कोंबडीचा दोष नाही.

आपला रस्सा चांगला रटरटतो, त्यात जंतू टिकत नाहीत. खरा घोटाळा विळीवर होतो. कोंबडी कापलेल्या विळीवरच कांदा-कोथिंबीर चिरली, की जंतू सरळ ताटात येतात. कच्चे मांस धुताना उडणारे शिंतोडेही तसेच. धुण्याची सवय सुटणार नसेल तर निदान इतर भांड्यांपासून दूर धुवावे. अशक्त माणसाला कच्चे अंडे दुधात फेटून देणेही बंद करावे. खुराडे चुलीपासून व माठापासून लांब असावे आणि कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

जुलाब लागल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी पूर्ण मिसळून थोडे-थोडे पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. साध्या जुलाबात अँटिबायोटिकची बहुधा गरज नसते. परंतु शौचात रक्त, जोराचा ताप, खोल गेलेले डोळे किंवा लघवी बंद असेल तर वाट पाहू नये. तान्हे बाळ, गर्भवती व वृद्धांना लगेच दाखवावे.

मरगळलेल्या कोंबडीला घरातली उरलेली कॅप्सूल चारणारेही आहेत. त्याने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. याच कारणाने केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्यांसह खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. कोंबडी आजारी पडली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, आणि मेली तर उकिरड्यावर न फेकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.