अगस्त्य मंद का दिसतो?

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिल्यास तेजस्वी व्याधाच्या बऱ्याच खाली अगस्त्य दिसतो. चंद्रपुरास तो क्षितिजापासून सुमारे १७ अंशांहून वर कधीच चढत नाही. त्याचा प्रकाश डोक्यावरील हवेच्या तिपटीहून अधिक हवेतून येतो. तो मंद भासतो, यात त्या बिचाऱ्याचा दोष थोडाच!

फ्रेंच शास्त्रज्ञ बूगे याने १७२९ मध्ये मांडलेला नियम असा की, हवेचा प्रत्येक समान थर उरलेल्या प्रकाशाचा समान अंश हरण करतो. वर्गात येथे वजाबाकीची चूक हटकून होते. एका थरातून पाऊण प्रकाश पार होत असेल, तर तीन थरांतून पाव नव्हे, ६४ पैकी २७ भाग उरतात.

मोहफुले वेचण्यासाठी झाडांखालचा पाला जाळू लागले की धुराने हा अंश आणखी घटतो. व्याध उंचावर असल्याने त्याची हानी थोडी, अगस्त्याची पुष्कळ. म्हणून शिक्षकांनी मार्चच्या मध्यापर्यंत दोहोंच्या तेजाची तुलना मुलांकडून नोंदवून घ्यावी. वेळ रोज चार मिनिटे अलीकडे आणावी, म्हणजे ताऱ्यांची उंची तीच राहील. निरभ्र रात्री व्याध दिसूनही अगस्त्य दिसला नाही, तर ती नोंद मुळीच गाळू नये.